दोन बोटं: 'तुकडे' प्रोग्रॅमच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

'तुकडे' सुरू केला. काम साधं आहे, मोठी लॉग फाइल घ्यायची आणि ठराविक ओळींचे तुकडे करून वेगवेगळ्या फाइलींत टाकायचे. सी भाषेतच लिहायचंय, कारण ज्या मशीनवर हे चालणार तिथे दुसरं काही इन्स्टॉल करायला मिळेलच असं नाही. फाइल वाचणं, ओळी मोजणं, पुढची फाइल उघडणं हे दुपारपर्यंत झालं. राहिलं ते ऑप्शनचं, म्हणजे कमांडच्या पुढे डॅश लावून द्यायच्या सूचनांचं.

ऑप्शन पाच ठरवलेत, पाचही एकेका अक्षराचे. नोंदीत माझ्या ऑप्शनची इंग्रजी अक्षरं लिहिण्याऐवजी त्यांचा मराठी आवाज लिहितेय, म्हणजे जोडून लिहिलेले ऑप्शनही नीट वाचता येतील. -व म्हणजे काय चाललंय ते सांगत राहा, -क म्हणजे गप्प बस, -ह म्हणजे मदत, -न च्या पुढे एका तुकड्यातल्या ओळींची संख्या, आणि -ओ च्या पुढे नव्या फाइलींच्या नावाची सुरुवात. बाकी जे उरेल ती फाइलींची नावं.

आत्ता मेन फंक्शनमध्येच एक लूप टाकलाय, आर्गव्हीतला (म्हणजे कमांडमधल्या शब्दांच्या यादीतला) प्रत्येक शब्द घ्यायचा आणि स्ट्रसीएमपी या फंक्शनने एकेका ऑप्शनशी ताडून बघायचा, -न सापडला की पुढचा शब्द संख्या म्हणून उचलायचा. चालतंय. कमिट केलं.

६ जानेवारी

सवयीने हातातून -वन५०० टाइप झालं आणि प्रोग्रॅम म्हणाला असा ऑप्शन नाही. मी पूर्ण शब्द ताडून बघतेय, आणि -वन५०० असा शब्द मी कुठे लिहिलेलाच नाही, त्यामुळे दुसरं काही होणारच नव्हतं. पण लोक असंच टाइप करतात. एलएस कमांडला एल आणि ए एका डॅशमागे देतात, कट कमांडला डी च्या पाठीला चिकटून कोलन देतात, जीसीसी कंपायलरला ओ आणि २ जोडून देतात. एका प्रोग्रॅममध्ये बोटांना लागलेली सवय दुसऱ्यात चालायलाच हवी, नाहीतर वापरणाऱ्याने प्रत्येक टूलसाठी वेगळी भाषा शिकायची का?

पॉझिक्स या युनिक्सच्या स्टँडर्डमध्ये यासाठी नियम आहेत, युटिलिटी सिंटॅक्स गाइडलाइन्स म्हणून, आज ते सावकाश वाचले. तिसरा नियम, ऑप्शनचं नाव एकच अक्षर किंवा अंक. पाचवा, आर्ग्युमेंट (ऑप्शनच्या पुढे द्यायची माहिती) न घेणारे ऑप्शन एका डॅशमागे एकत्र लिहिता यावेत. सातवा, ऑप्शनचं आर्ग्युमेंट ऐच्छिक नसावं. नववा, सगळे ऑप्शन ऑपरंडच्या (म्हणजे उरलेल्या शब्दांच्या, माझ्याकडे फाइलींच्या नावांच्या) आधी. दहावा, नुसते दोन डॅश आले की ऑप्शन संपले, पुढचं सगळं ऑपरंड.

हे वाचताना एक गोष्ट डोक्यात पक्की झाली, ती लिहून ठेवते. -वन५०० आणि -नव५०० यात तीच अक्षरं आहेत, फक्त जागा बदलल्यात. पहिल्यात व हा साधा ऑप्शन आहे, मग न आला, न ला आर्ग्युमेंट लागतं, म्हणून उरलेलं ५०० त्याचं. दुसऱ्यात न आधी आला आणि त्याने पुढचं 'व५००' हे सगळंच्या सगळं आपलं म्हणून घेतलं, त्यात व हा ऑप्शन राहिलाच नाही. म्हणजे नुसता शब्द बघून कोणीच सांगू शकत नाही की यातलं अक्षर ऑप्शन आहे की डेटा, त्यासाठी या प्रोग्रॅममध्ये कुठल्या अक्षराला आर्ग्युमेंट लागतं याचा तक्ता हातात पाहिजे. आणि वाचायचं ते डावीकडून उजवीकडे एकेक अक्षर, शब्द अख्खा ताडून कधीच जमणार नाही. माझा सगळा लूप चुकीच्या मापाने वाचत होता.

९ जानेवारी

स्वतःचा लूप काढून गेटऑप्ट हे ऑप्शन वाचणारं तयार फंक्शन लावलं. युनिस्टँडर्ड हेडरमध्ये आहे, बरंच जुनं फंक्शन, १९८० च्या सिस्टिम थ्री युनिक्समध्ये आलं आणि १९८५ मध्ये एटी अँड टी ने त्याचा कोड डॅलसच्या युनिफोरम परिषदेत सगळ्यांसाठी खुला केला. तक्ता म्हणजे एक स्ट्रिंग, 'वकहन:ओ:', ज्या अक्षराच्या लगेच पुढे कोलन त्याला आर्ग्युमेंट लागतं. दर वेळी फंक्शन बोलवायचं, ते पुढचं अक्षर देतं, आर्ग्युमेंट असेल तर ऑप्टआर्ग नावाच्या ग्लोबल पॉइंटरमध्ये ठेवतं, आणि संपलं की उणे १ देतं.

ऑप्टआर्ग कॉपी करत नाही, थेट आर्गव्हीतल्या शब्दाच्या आत बोट ठेवतं. -न५०० मध्ये ते न च्या पुढच्या बाइटवर असतं. मी -ओ साठी उगाच स्ट्रडप करून त्याची प्रत काढत होते, ते काढलं, आर्गव्हीची मेमरी प्रोग्रॅम संपेपर्यंत तशीच राहते.

-वन५००, -व -न ५००, -न ५०० -व, सगळं चालतंय.

१० जानेवारी

काल रात्री डीबग करायला प्रत्येक फेरीत ऑप्टइंड (गेटऑप्ट आर्गव्हीतल्या कितव्या शब्दावर आहे तो आकडा) छापून बघत होते आणि काहीतरी विचित्र दिसलं. -वक फाइल असं दिलं. पहिल्या फेरीत व मिळाला, ऑप्टइंड १. दुसऱ्या फेरीत क मिळाला, ऑप्टइंड २. मला वाटलं होतं की व वाचल्यावरच आकडा पुढे जाईल, कारण 'एक ऑप्शन वाचला'. पण गेला नाही. मग दोन वेगवेगळी अक्षरं मिळाली ती कुठून, आकडा तर तोच होता?

उत्तर असं की गेटऑप्ट दोन ठिकाणी बोट ठेवून चालतं. एक बोट आर्गव्हीतल्या शब्दावर, ते ऑप्टइंड, ते आपल्याला दिसतं. दुसरं बोट त्या शब्दाच्या आतल्या अक्षरावर, आणि ते लायब्ररीच्या आत स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये लपलेलं आहे, बाहेरून दिसत नाही की बदलता येत नाही. जोडून लिहिलेल्या ऑप्शनमध्ये पहिलं बोट जागेवर थांबतं आणि दुसरं पुढे सरकतं, शब्दातलं शेवटचं अक्षर वाचायला घेतलं की मग पहिलं बोट पुढच्या शब्दावर जातं.

मॅन पेजवर दिलेले चारही व्हेरिएबल मी वाचले होते, ऑप्टआर्ग, ऑप्टइंड, ऑप्टएर, ऑप्टऑप्ट, पण हे पाचवं न दिसणारं बोट लक्षात आल्याशिवाय फंक्शन खरं कळत नाही असं माझं ठाम मत झालंय.

१३ जानेवारी

-न पाचशे असं कोणीतरी शब्दात लिहिलं तर? माझ्याकडे स्ट्रिंगची संख्या करणारं एटूआय होतं, त्याने शून्य दिलं, आणि पुढे ओळ क्रमांकाला शून्याने भागायला गेल्यावर प्रोग्रॅम क्रॅश. एटूआयला चूक सांगायची सोयच नाही, खरं शून्य आणि न कळलेला शब्द दोन्हीला तेच उत्तर, आणि आकडा इंटमध्ये मावला नाही तर काय होईल याची स्टँडर्ड हमीच देत नाही.

त्याच्या जागी स्ट्रटोल लावलं. एररनो (काय चुकलं त्याचा आकडा ठेवणारं व्हेरिएबल) आधी शून्य करायचा, मग कॉल, मग तीन गोष्टी बघायच्या. एंड पॉइंटर (वाचन जिथे थांबलं ती जागा) सुरुवातीलाच आहे का, म्हणजे एकही अंक नव्हता (-न च्या पुढे रिकामं अवतरण दिलं की हेच होतं). एंड पॉइंटरपाशी स्ट्रिंग संपली आहे का, म्हणजे '५००अ' पकडता येतं. आणि एररनो ईरेंज झालाय का, म्हणजे संख्या मावली नाही. बेस १० च द्यायचा, बेस शून्य दिला तर ०१० चा अर्थ अष्टमान धरून ८ होतो आणि कोणाला कळणारही नाही की तुकडे आठ ओळींचे का पडले.

आधी वाटलं होतं ओळींची संख्या उणे नसते तर स्ट्रटोलचा अनसाइन्ड (उणे संख्या नसलेला) भाऊ वापरू. नको. त्याला -१ दिलं तर तो तक्रार न करता त्या टाइपची सगळ्यात मोठी संख्या परत देतो. साइन्ड घेऊन 'एकापेक्षा कमी नको' असं आपणच तपासलेलं बरं. शिवाय लाँग हा ६४ बिट विंडोजवर ३२ बिटच असतो, तिथे २१४७४८३६४७ च्या पुढे जाता येत नाही, म्हणून लाँग लाँग वाली आवृत्ती घेतली.

१५ जानेवारी

मित्राने रास्पबेरी पाय वर कंपाइल केलं आणि सांगितलं, काहीही दे, फक्त वापरायची माहिती छापून बाहेर पडतो. ऑप्शन बरोबर दिले तरी तेच, एकही ऑप्शन नाही दिला तरी तेच. माझ्याकडे तोच कोड तीच कमांड, व्यवस्थित.

दोन तास गेले. चूक एका शब्दात होती, गेटऑप्टचं उत्तर मी कॅर (एका बाइटचा, अक्षराचा टाइप) मध्ये ठेवत होते, इंट (पूर्णांकाचा टाइप) मध्ये नाही. अक्षरच तर मिळतं, मग कॅर, असा विचार केला असणार. पण ते कधी उणे १ पण देतं. माझ्या एक्स८६ प्रोसेसरवर साधा कॅर साइन्ड असतो, उणे १ टाकला की उणे १ च राहतो. रास्पबेरी पायच्या एआरएम लिनक्सवर साधा कॅर अनसाइन्ड, तिथे उणे १ चा होतो २५५, आणि २५५ कधीच उणे १ च्या बरोबर होत नाही, म्हणून लूप थांबतच नाही, २५५ स्विचमध्ये जातो, तिथे असं अक्षर नाही म्हणून डीफॉल्ट, आणि डीफॉल्टमध्ये मी माहिती छापून बाहेर पडते. मित्राला दिसत होतं ते अगदी हेच. तिथे डीफॉल्टमध्ये बाहेर पडायचं नसतं तर प्रोग्रॅम अनंत फिरत राहिला असता.

माझ्या मशीनवर जीसीसीला अनसाइन्ड कॅरचा फ्लॅग देऊन कंपाइल केलं आणि तीच चूक लगेच दिसली. हा फ्लॅग आता टेस्टच्या मेकफाइलमध्ये कायमचा टाकलाय, सगळ्या टेस्ट दोन्ही प्रकारे चालतात. डब्ल्यू-एक्स्ट्रा (कंपायलरच्या जास्तीच्या वॉर्निंग) पण चालू केलं, त्या फ्लॅगसोबत ते सरळ सांगतं की ही तुलना कायम खरीच येणार.

१८ जानेवारी

एकाने टूल वापरून बघितलं आणि विचारलं, 'न' नावाने सुरू होणाऱ्या भलत्याच फाइली का तयार झाल्या. त्याने दिलेली कमांड होती -ओन ५०० आणि पुढे फाइल. त्याच्या मनात ओ पण चालू, न पण चालू आणि न ची संख्या ५००. प्रोग्रॅमने वाचलं ते असं, ओ ला आर्ग्युमेंट लागतं, शब्दात पुढे 'न' उरलाय, तर नावाची सुरुवात 'न'. मग ५०० हा ऑपरंड, म्हणजे फाइलचं नाव, ती नाही म्हणून एक एरर, आणि पुढची खरी फाइल मात्र ठरलेल्या डीफॉल्ट ओळींनी फोडली.

एररची ओळ होती, पण त्याखाली काम झालेलं दिसल्यामुळे त्याने ती वाचली नाही, मीही नसती वाचली. नियमाप्रमाणे प्रोग्रॅमचं काही चुकलं नव्हतं, पण नियमाप्रमाणे बरोबर असणं पुरेसं नाही असं मला वाटलं, कारण डिस्कवर नको त्या फाइली तयार झाल्या. दोन बदल केले. एक, कुठलीही फाइल फोडायच्या आधी सगळ्या ऑपरंड फाइली उघडून बघायच्या, एक जरी उघडली नाही तरी काहीही न लिहिता बाहेर. दोन, -व दिला असेल तर सुरुवातीलाच छापायचं, नावाची सुरुवात अमुक, ओळी तमुक, फाइली या या.

'-ओ च्या आर्ग्युमेंटला कमीत कमी दोन अक्षरं पाहिजेत' असा नियम घालायचा विचार आला होता, तो सोडला. एका अक्षराचं नाव मुद्दाम देणारेही असतील.

२० जानेवारी

एरर मेसेज. गेटऑप्ट स्वतःच छापतं, पण मला माझ्या शब्दांत हवे होते. तक्त्याच्या स्ट्रिंगच्या सुरुवातीला कोलन टाकला की दोन गोष्टी होतात, ते गप्प बसतं, आणि आर्ग्युमेंट राहिलं असेल तर प्रश्नचिन्हाऐवजी कोलन परत देतं, म्हणजे 'असा ऑप्शनच नाही' आणि 'ऑप्शन आहे पण पुढे काही दिलं नाही' हे वेगळं सांगता येतं. अक्षर कुठलं ते ऑप्टऑप्टमध्ये मिळतं.

-ह ने मदत मागितली तर ती स्टँडर्ड आउटपुटवर आणि एक्झिट कोड शून्य, कारण मागितलेलं मिळालं, आणि ती पाइप करून लेसमध्ये पानापानाने वाचता आली पाहिजे. चुकीने आली तर स्टँडर्ड एररवर आणि कोड २, ग्रेप आणि डिफ पण अडचणीला २ च देतात.

आजच आणखी एक सापडलं. मी वापरायच्या सूचना एका वर्ड प्रोसेसरमध्ये लिहिल्या होत्या, त्याने साध्या डॅशचा आपोआप लांब डॅश केला, आणि तिथून कॉपी केलेली कमांड चालेना. एरर येत होता, '–न' नावाची फाइल नाही. डोळ्याला काहीच फरक दिसत नव्हता. साधा डॅश हा २डी (सोळामान पद्धतीत) हा एकच बाइट, लांब डॅश यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, ई२ ८० ९३. पहिला बाइट २डी नाही म्हणजे तो ऑप्शन नाहीच, सरळ ऑपरंड. आता फाइल उघडली नाही आणि नाव या तीन बाइटनी सुरू होत असेल तर एक ओळ जास्त छापते, 'हा लांब डॅश आहे, साधा डॅश टाइप करून बघा'. चार ओळींचा कोड आहे पण मला तो या सगळ्या प्रोग्रॅममधला सगळ्यात उपयोगी वाटतो.

२२ जानेवारी

फाइल -न ५०० असं उलट्या क्रमाने दिलं तर काय होतं? माझ्याकडे चालतं. मॅकवर नाही, आणि मसल नावाच्या सी लायब्ररीवर कंपाइल केलं तर तिथेही नाही, तिथे पहिला ऑपरंड आला की गेटऑप्ट थांबतं आणि -न, ५०० या दोन फाइली समजल्या जातात. ग्लिबसी (माझ्या लिनक्सवरची सी लायब्ररी) मात्र आर्गव्हीतले शब्दच हलवून ऑप्शन पुढे आणि ऑपरंड मागे लावतं. पॉझिक्सली-करेक्ट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलं किंवा तक्त्याच्या सुरुवातीला अधिक चिन्ह टाकलं की ते पण थांबतं.

एकाच प्रोग्रॅमने मशीन बदललं की वेगळं वागावं हे मला मान्य नाही. अधिक चिन्ह टाकलं. माझ्या हाताला उलट क्रमाची सवय आहे तरी टाकलं. आणि ऑपरंडमध्ये डॅशने सुरू होणारी न सापडणारी फाइल आली तर 'ऑप्शन फाइलच्या आधी द्या' असं सांगते.

यातच फाइलींच्या नावांचं पण. एखाद्या फोल्डरमध्ये खरोखर '-व' नावाची फाइल असेल आणि कोणी तुकडे च्या पुढे नुसता स्टार दिला, तर शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) स्टारच्या जागी सगळ्या फाइलींची नावं भरतं आणि आपल्याला ती फाइल ऑप्शन म्हणून मिळते. प्रोग्रॅमला कळायचा काही मार्गच नाही, शब्द फाइलच्या नावातून आला की हाताने टाइप झाला हे आर्गव्हीत लिहिलेलं नसतं. मदतीच्या मजकुरात दोन उपाय लिहिले, स्टारच्या आधी डॉट स्लॅश, किंवा आधी दोन डॅश.

२५ जानेवारी

टेस्ट एकाच प्रोग्रॅममध्ये लिहायच्या होत्या, एकामागून एक वेगवेगळे आर्गव्ही देऊन. दर टेस्टच्या आधी ऑप्टइंड १ केला. पाचवी टेस्ट एकटी चालवली तर पास, चौथीच्या मागून चालवली तर फेल.

चौथी टेस्ट -कझव मध्ये झ पाशी चूक पकडून मध्येच थांबत होती. तेव्हा पहिलं बोट मी १ वर आणलं, पण दुसरं, लपलेलं बोट अजून जुन्या शब्दातल्या व वरच होतं. पाचव्या टेस्टचा पहिला कॉल आला आणि गेटऑप्टने निवांतपणे चौथ्या टेस्टचा व परत दिला. ग्लिबसी मध्ये ऑप्टइंड शून्य केला की दोन्ही बोटं मूळ जागी येतात, बीएसडी मध्ये त्यासाठी ऑप्टरीसेट नावाचं वेगळं व्हेरिएबल आहे, पॉझिक्समध्ये यातलं काहीच नाही.

शिवाय विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबत गेटऑप्ट येतच नाही, आणि तिथे चालवायची मागणी आलीय. म्हणून ठरवलं, स्वतःचं लिहायचं, यावेळी अक्षरा-अक्षराने आणि दोन्ही बोटं उघड्यावर ठेवून.

२६ जानेवारी

लिहिलं. एक स्ट्रक्चर, त्यात आर्गसी (शब्दांची संख्या), आर्गव्ही, शब्दाचा क्रमांक, अक्षराचा पॉइंटर, आर्ग्युमेंट आणि चुकलेलं अक्षर. ग्लोबल काही नाही. फंक्शन एकच, 'पुढचा'.

अक्षराचा पॉइंटर रिकामा असेल तर नवीन शब्द बघायचा. शब्द संपले तर उणे १. शब्द डॅशने सुरू होत नसेल तर उणे १. नुसता एकच डॅश असेल तरी उणे १, तो ऑपरंड आहे, स्टँडर्ड इनपुट. नेमके दोन डॅश असतील तर क्रमांक एकने वाढवून उणे १, ते दोन डॅश खाऊन टाकायचे, पुढे द्यायचे नाहीत. नाहीतर अक्षराचा पॉइंटर डॅशच्या पुढच्या बाइटवर.

मग अक्षर तक्त्यात शोधायचं. साधा ऑप्शन असेल तर पॉइंटर एक पुढे, आणि तिथे स्ट्रिंग संपली असेल तर शब्दाचा क्रमांक वाढवून पॉइंटर रिकामा. आर्ग्युमेंट लागत असेल तर शब्दात पुढे काही उरलंय का बघायचं, उरलं असेल तर ते सगळं आर्ग्युमेंट आणि क्रमांक एकने पुढे, नसेल तर पुढचा अख्खा शब्द आर्ग्युमेंट आणि क्रमांक दोनने पुढे, पुढचा शब्दच नसेल तर कोलन परत. तिन्ही वाटांनी पॉइंटर रिकामा करूनच बाहेर पडायचं.

पुढचा शब्द डॅशने सुरू होतो का हे मुद्दाम बघत नाही. -न -५ मध्ये -५ हा न चाच, तो उणे आहे म्हणून नाकारायचं काम संख्या तपासणाऱ्याचं. -ओ -- दिलं तर नावाची सुरुवात दोन डॅश. गेटऑप्ट पण हेच करतं. इथे हुशारी करून 'हा ऑप्शनसारखा दिसतोय' असा अंदाज बांधला तर उद्या डॅशने सुरू होणारं आर्ग्युमेंट द्यायची सोयच राहणार नाही.

पहिल्या चाचणीत अडकलं. साध्या ऑप्शनच्या वाटेवर पॉइंटर रिकामा करत होते पण क्रमांक वाढवायचा राहिला होता, त्यामुळे -व हाच शब्द पुन्हा पुन्हा वाचला जात होता. दोन्ही बोटं एकत्र हलवायची जागा शब्दाचा शेवट हीच एक आहे, तिथे एक हललं आणि दुसरं राहिलं की गोंधळ.

२७ जानेवारी

आर्गसी शून्य असू शकतो. एक्झेकव्हीई या प्रोग्रॅम चालू करणाऱ्या सिस्टिम कॉलला रिकामी यादी देऊन प्रोग्रॅम चालू करता येतो, आणि तेव्हा १ पासून सुरू होणारा लूप आर्गव्हीच्या पलीकडे, एन्व्हायर्नमेंटच्या पहिल्या स्ट्रिंगवर जाऊन पडतो. पीकेएक्झेक या लिनक्सवरच्या प्रोग्रॅममध्ये हेच झालं होतं, जानेवारी २०२२ मध्ये पनकिट नावाने ते बाहेर आलं आणि त्यातून साध्या युझरला रूटचे, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार मिळत होते. लिनक्स ५.१८ पासून कर्नल अशा वेळी एक रिकामा शब्द स्वतः घालतो, पण माझा प्रोग्रॅम दुसरीकडेही चालणार आहे. क्रमांक आर्गसीपेक्षा लहान आहे का हे प्रत्येक वाचनाआधी तपासतेच, आणि मेसेजमध्ये प्रोग्रॅमचं नाव आर्गव्हीच्या शून्याव्या जागेतून घेत होते, ते पक्कं लिहून टाकलं.

३० जानेवारी

माझं फंक्शन आणि ग्लिबसीचं गेटऑप्ट (अधिक आणि कोलन लावून) शेजारी शेजारी चालवलं. सहा चिन्हं घेतली, डॅश, व, न, ओ, ५ आणि कोलन. त्यांचे शून्य ते तीन अक्षरांचे सगळे शब्द होतात २५९, आणि असे तीन-तीन शब्द दिले तर १,७३,७३,९७९ कमांड. प्रत्येकीत दर फेरीला मिळालेलं अक्षर, आर्ग्युमेंट आणि शब्दाचा क्रमांक तिन्ही जुळायला हवेत.

जुळले नाहीत. -: मध्ये मी कोलनला ऑप्शन समजत होते, कारण अक्षर शोधायला स्ट्रचर वापरलंय आणि तक्त्यात कोलन आहेच. एक अट वाढवली. बाकी सगळं जुळलं, शब्दाच्या मधोमध थांबलेल्या क्रमांकासकट.

एक जागा मुद्दाम वेगळी ठेवतेय. --वन५ असा दोन डॅशचा शब्द आला तर गेटऑप्ट दुसऱ्या डॅशला अनोळखी ऑप्शन म्हणतं आणि मग व, न असं पुढे वाचत जातं. म्हणजे कोणी सवयीने दोन डॅश देऊन लांब नाव टाइप केलं तर त्यातलं एखादं अक्षर खरंच चालू होऊ शकतं. माझ्याकडे अशा शब्दाला एकच उत्तर, 'लांब ऑप्शन नाहीत', आणि बाहेर. तुलनेच्या प्रोग्रॅममधून एवढे शब्द वगळले.

२ फेब्रुवारी

शेवटचं राहिलेलं, कीबोर्ड मराठीवर असताना कोणी -ळ टाइप केलं तर. यूटीएफ-८ मध्ये ळ म्हणजे तीन बाइट, ई० ए४ बी३. माझं फंक्शन पहिल्याच बाइटला अनोळखी म्हणून थांबतं, पण मेसेजमध्ये तो एकटा बाइट छापला जायचा आणि टर्मिनलवर चौकोन दिसायचा. आता चुकलेला बाइट ८० किंवा त्याच्या वरचा असेल तर तिथून पुढे ८० ते बीएफ मधले जितके बाइट लागून येतात तेवढे घेऊन अख्खं अक्षर छापते. तुलना अनसाइन्ड कॅर करूनच, नाहीतर माझ्या मशीनवर ई० हा उणे आकडा निघतो आणि ८० पेक्षा लहान ठरतो.

-ळ दिल्यावर मेसेज येतो, 'तुकडे: -ळ असा ऑप्शन नाही', ळ पूर्ण दिसतोय. साइन्ड, अनसाइन्ड दोन्ही प्रकारे टेस्ट पास, रास्पबेरी पाय वर पण पास. विंडोजचं बिल्ड उद्या मित्र चालवून बघणार आहे, त्याला -ओन ५०० वाली कमांड पण पाठवलीय.